गिटार ट्यूनमध्ये राहत नाही? मागचं झाकण उघडा : ट्रेमोलो ब्रिज घरच्या घरी कसा सेट करायचा

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांकडून मला एक प्रश्न सतत येतो. "सहावी तार लावून होईपर्यंत पहिली उतरलेली असते. गिटारच खराब आहे का?"

मी ठाण्यात राहतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, पण रविवारी ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या ओळखीच्या पोरापोरींच्या गिटारी उघडून बसायचा जुना नाद आहे. त्यावरून सांगतो, गिटार खराब असण्याची शक्यता फार कमी. घरात स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबनेझ जिओ असली एखादी पंधरा-वीस हजारांची गिटार असते. तिच्या ब्रिजला एक दांडी बसते, ती दाबली की सगळ्या तारांचा सूर एकदम खाली जातो. हा ट्रेमोलो ब्रिज. आणि तो कुणीही, कधीही सेट केलेला नसतो. कारखान्यातून निघाला, बोटीतून आला, गोदामात पडून राहिला, दुकानात भिंतीवर लटकला आणि तसाच तुमच्या घरी आला.

तो सेट करायला धोबीतलावला जायची गरज नाही. एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक अ‍ॅलन की आणि मुदत संपलेली चार एटीएम कार्डं, एवढ्यावर काम होतं. कार्डांचं काय ते पुढे येईलच.

हा ब्रिज म्हणजे तराजू आहे

आधी नावाचा घोळ. संगीताच्या भाषेत ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा लहान-मोठेपणा हलवणं, आणि व्हायब्रेटो म्हणजे सूर वर-खाली हलवणं. ही दांडी सूर हलवते, म्हणजे खरं तर ती व्हायब्रेटो. पण १९५४ साली लिओ फेंडरच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हा तिच्या ब्रिजला 'सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो' असं नाव दिलं, आणि ते चुकीचं नाव आजतागायत चिकटलं. गंमत म्हणजे त्याच कंपनीने आपल्या काही अ‍ॅम्प्लिफायरांवर आवाज लहान-मोठा करणाऱ्या सोयीला 'व्हायब्रेटो' म्हटलं. दोन्ही नावं उलटी! आपल्याकडे गाणं शिकलेल्याला हे लगेच कळेल. दांडी हळूच हलवली तर आंदोलनासारखं काहीतरी होतं, लांब दाबत नेली तर मींडेसारखं.

आता आतलं यंत्र बघू. गिटार पालथी घाला. मागे एक प्लॅस्टिकचं आयताकृती झाकण असतं, त्याचे सहा छोटे स्क्रू काढा. आत एक धातूचा जाड ठोकळा दिसेल. तो ब्रिजचाच खालचा भाग आहे, गिटारच्या अंगातून आरपार आलेला. त्याला तीन ते पाच स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. स्प्रिंगांची दुसरी टोकं एका पत्र्याच्या पंज्यात अडकलेली असतात, आणि तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात, नेकच्या बाजूला बसवलेला असतो. या पंज्याला क्लॉ म्हणतात.

झालं, एवढंच यंत्र. पुढच्या बाजूने सहा तारा ब्रिजला एकीकडे ओढतात, मागून स्प्रिंगा त्याला उलट फिरवतात. भाजीवाल्याच्या तराजूसारखं. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. काटा मध्ये असेल तर ब्रिज स्थिर.

तराजू म्हटलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. एक तार घट्ट केली की तारांचं पारडं जड होतं, ब्रिज जरासा पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा ढिल्या पडतात. म्हणून सहावी लावेपर्यंत पहिली उतरते. तो दोष नाही, ते त्या ब्रिजचं कामच आहे. एक तार तुटली तर उरलेल्या पाच एकदम वर चढतात आणि गाण्याच्या मध्यात अख्खी गिटार बेसूर होते. 'ड्रॉप डी' साठी जाडी तार एक सूर उतरवली तरी तेच, फक्त कमी प्रमाणात. आणि एक तार बोटाने ओढून बेंड घेतला की शेजारी वाजणारी दुसरी तार हळूच खाली घसरते.

ज्यांच्या गिटारचा ब्रिज पक्का बसवलेला असतो, म्हणजे टेलिकास्टर वगैरे, त्यांना यातलं काहीच सोसावं लागत नाही.

स्क्रूला हात लावण्याआधी ठरवा

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थेट 'ब्रिज तरंगता कसा करायचा' इथून सुरू होतात. मला ते पटत नाही. आधी स्वतःला विचारा, गेल्या महिन्याभरात तुम्ही ती दांडी किती वेळा वापरली? अनेकांची दांडी गिटारच्या बॅगेच्या खिशात असते. काहींची हरवलेली असते. अशा माणसाने तरंगता ब्रिज सांभाळायचा म्हणजे गाडी चालवायची नाही पण रोज हवा मात्र भरायची.

तीन पर्याय आहेत.

तरंगता ब्रिज : प्लेटची मागची कड अंगापासून थोडी वर. दांडी दाबली की सूर खाली, वर ओढली की सूर वर. वर सांगितलेले सगळे त्रास इथे लागू.

टेकवलेला ब्रिज : स्प्रिंगा एवढ्या घट्ट करायच्या की प्लेट अंगावर सपाट बसते. दांडी फक्त खाली जाते. पण तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात, बेंड घेताना शेजारची तार घसरत नाही. शिकणाऱ्यांना आणि स्टेजवर एकच गिटार घेऊन जाणाऱ्यांना मी हाच सुचवतो.

अडवलेला ब्रिज : टेकवायचा आणि वर आतल्या ठोकळ्याच्या मागे, म्हणजे गिटारच्या पट्ट्याच्या खुंटीकडची जी भिंत आहे तिच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये, मापाचा लाकडी तुकडा घट्ट बसवायचा. दांडीचं काम संपलं. कुठल्याही सुताराकडे सागवानाचा तुकडा मिळतो. गोंद लावू नका, म्हणजे उद्या विचार बदलला तर तुकडा काढता येईल.

टेकवलेला ब्रिज करणं सोपं आहे. क्लॉचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, मध्ये ट्यून करत जा, प्लेट सपाट टेकेपर्यंत. मग तिसरी तार पूर्ण एक सूर बेंड करून बघा. प्लेट जराही उचलली गेली तर अजून थोडं आवळा, नाहीतर एखादी स्प्रिंग वाढवा. संपलं. ज्यांचं एवढ्यात भागतं त्यांनी खाली नटचा भाग तेवढा वाचला तरी चालेल.

तरंगता ब्रिज : एक सूत आणि चार कार्डं

मागची कड किती वर हवी? सहा स्क्रूंच्या जुन्या पद्धतीच्या ब्रिजसाठी फेंडरचं स्वतःचं माप आहे ३.२ मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच. आपल्या सुतारांच्या भाषेत बरोब्बर एक सूत. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर सारखीच. चार कार्डं एकावर एक ठेवली की ३ मिलिमीटरच्या वर जातात. झाली तुमची मोजपट्टी. आणि ती नुसती मोजपट्टी नाही, तीच या सगळ्या कामातली युक्ती आहे.

सुरुवातीला तारा नव्या घाला, तुम्ही कायम वापरणार त्याच जाडीच्या. जुन्या, गंजलेल्या तारांवर सेटिंग करणं म्हणजे वेळ फुकट. नव्या तारा हाताने हलकेच ओढून ताणून घ्या, ट्यून करा, परत ताणा, असं तीन-चार वेळा. नेकचा बाक बरोबर आहे ना तेही आधीच बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट दाबा, आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. बाइकच्या गॅरेजमध्ये जो फीलर गेज असतो तो इथे चालतो. नेक बिघडलेला असेल तर तो आधी नीट करा, कारण नेक फिरवला की तारांचा ताण बदलतो आणि ब्रिजचं काम पहिल्यापासून करावं लागतं.

मग ब्रिजच्या पुढच्या कडेचे सहा स्क्रू. तारा ढिल्या करा आणि प्लेट अंगावर सपाट बसू द्या. सहाही स्क्रूंची डोकी प्लेटच्या साधारण अर्धा सूत वर राहतील असे ठेवा. मग फक्त दोन टोकांचे स्क्रू प्लेटला जेमतेम टेकेपर्यंत खाली न्या. ब्रिज या दोन टोकांवर झुलतो, मधले चार फक्त त्याला जागेवर धरतात. सहाही करकचून आवळलेला ब्रिज मी कितीदा पाहिलाय, मोजदाद नाही. तो झुलतच नाही, अडकत अडकत हलतो आणि दर वेळी वेगळ्याच जागी परत येतो.

तुमच्या ब्रिजला सहाऐवजी दोनच जाड खुंट असतील तर एक पथ्य पाळा. तारा ताणलेल्या असताना ते खुंट फिरवू नका. प्लेटची कड सुरीसारखी धारदार असते आणि तीच खुंटावर टेकलेली असते. ताणाखाली घासली की धार जाते, आणि धार गेली की ब्रिज पुन्हा नेमका जागेवर येत नाही.

आता कार्डं. दांडी दाबून प्लेटची मागची कड उचला आणि खाली चार कार्डं सरकवा. मदतीला कुणी असेल तर बरं. क्लॉचे स्क्रू थोडे जास्तच आवळा, म्हणजे प्लेट कार्डांवर दाबून बसेल. आता गिटार ट्यून करा. कार्डं आहेत म्हणून ब्रिज मागे जाऊ शकत नाही, आणि स्प्रिंगा जास्त आवळलेल्या आहेत म्हणून तो पुढे झुकत नाही. म्हणजे तात्पुरता का होईना, तुमचा ब्रिज पक्का झालाय. सहा तारा शांतपणे एका दमात लागतात. ट्यून करता करता प्लेट कार्डांवरून उचलली गेली, तर क्लॉ अजून एक फेरा आवळा.

सहाही तारा सुरात आल्या की क्लॉचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा ढिले करायला लागा. दर वेळी कार्डं ओढून बघा. आधी ती घट्ट असतील, मग किंचित हलतील, आणि एका क्षणी कुठलाही जोर न लावता सुटून हातात येतील. थांबा. तराजूचा काटा तिथे आहे. ट्यूनर लावून बघा, सहाही तारा जागच्या जागी असतील, फार तर केसभर इकडे-तिकडे.

ही युक्ती माहीत नसेल तर हेच काम ट्यून करा, स्क्रू फिरवा, परत ट्यून करा असं तासभर चालतं, आणि तेवढ्यात माणसाचा संयम सुटतो.

क्लॉशी काम करताना तिला झाळलेली एक बारीक वायर दिसेल. ती अर्थिंगची वायर आहे. क्लॉ, स्प्रिंगा, ब्रिज आणि तारा, सगळं तिच्यातून जमिनीला जोडलेलं असतं. तारांना हात लावला की अ‍ॅम्पची गूं गूं कमी होते ना, ती तिच्यामुळे. स्क्रू फिरवताना ती तुटली तर गुणगुण वाढेल आणि हात लावूनही कमी होणार नाही. तेव्हा ती पुन्हा झाळून घ्या. झाकण उघडण्याआधी गिटार अ‍ॅम्पपासून काढलेली असू द्या, हे वेगळं सांगायला नको. स्प्रिंग काढताना चष्मा घाला. सटकली तर ती कुठे जाईल सांगता येत नाही.

यानंतरच तारांची उंची. ब्रिज कलला की सॅडल वर जातात, म्हणून हे काम आधी करण्यात अर्थ नाही. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत १.६ मिलिमीटर, म्हणजे अर्धा सूत, ही सुरुवात चांगली. तार फ्रेटवर खरखरली तर थोडी वर घ्या. शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेली तार यांचा सूर ट्यूनरवर एक यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे.

तारांची जाडी बदलली की सगळं बदलतं

डोंबिवलीची एक अकरावीतली मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. आठ दिवसांवर क्लासचा कार्यक्रम, सावित्रीबाई फुले कलामंदिरात, आणि तिच्या वाट्याला एक सोलो आला होता. आई म्हणाली, "दादा, वर्षभर नीट वाजत होती. तारा बदलून आणल्यापासून लागतच नाही. ही विकून दुसरी घ्यावी का?" मुलगी काहीच बोलली नाही, पण बॅगेची चेन उघडताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गिटार वाढदिवसाची होती.

ब्रिजकडे बाजूने बघितल्यावरच कळलं. मागची कड चांगली तीन सूत उचललेली. गिटारवर आधी ०९ च्या तारा होत्या, दुकानदाराने '१० च्या जास्त टिकतात' म्हणून त्या घालून दिल्या होत्या, आणि मागचं झाकण उघडलंच नव्हतं.

आकडा बघा. साध्या ट्यूनिंगमध्ये, साडेपंचवीस इंची स्केलवर, ०९-४२ च्या संचाचा एकूण ताण साधारण ३८ ते ३९ किलो भरतो. १०-४६ चा साधारण ४७ किलो. तारेच्या जाडीतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण ब्रिजवर आठ किलोंचं जास्तीचं ओझं पडतं. स्प्रिंगा मात्र जुन्या ओझ्याला लावलेल्या. मग तराजू कलणारच.

तिला मी विचारलं, सोलोत दांडी लागते का? "नाही काका, बेंड आहेत फक्त." मग प्रश्नच मिटला. तीनच्या चार स्प्रिंगा केल्या, ब्रिज टेकवला, सॅडल खाली घेतले. अर्ध्या तासाचं काम. आईने पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हणजे विकायची नाही ना?" गिटार अजून तिच्याकडेच आहे.

तेव्हा दुकानातून तारा घालून घेताना एवढं तरी विचारा, आधी कितीच्या होत्या आणि आता कितीच्या घालताय. जाडी बदलत असेल तर सेटिंग करून देणार का, हेही.

ब्रिज नीट आहे, तरी सूर परत येत नाही?

मग गुन्हेगार बहुधा दुसऱ्या टोकाला आहे. नट, म्हणजे नेकच्या डोक्याकडची ती खाचा असलेली पट्टी. दांडी हलवली की तारा नटच्या खाचांतून सरकतात, आणि खाच अरुंद असेल तर तार तिथे अडकते. ओळखायचं कसं? दांडी दाबून सोडल्यावर सूर चढा राहिला, किंवा मोठा बेंड घेतल्यावर उतरलेला राहिला, तर तार नटमध्ये अडकते आहे. ट्यून करताना 'टिंग' असा आवाज आला तर खात्रीच समजा.

उपाय कंपासपेटीत आहे. मऊ शिशाची पेन्सिल, २बी किंवा त्याहून मऊ, टोक करून खाचेत घासा. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, उत्तम कोरडं वंगण. प्रत्येक वेळी तारा बदलताना घासत जा. खोबरेल तेल लावू नका! आपल्याकडे हा प्रयोग भरपूर होतो. चार दिवस बरं वाटतं, मग धूळ बसून खाचेत चिकटा तयार होतो. तार खुंटीला दोन-तीन वेढेच द्या. सहा-सात वेढे दिले तर ते हळूहळू आवळले जातात आणि तोवर सूर उतरत राहतो.

पावसाळा, लोकल आणि नाट्यगृहाचा एसी

आपल्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा अशी असते की बिस्किटाचा पुडा उघडा ठेवला तर तासाभरात मऊ पडतो. लाकूडही तेच करतं. नेक ओलावा धरतो, त्याचा बाक किंचित बदलतो, त्याबरोबर तारांचा ताण आणि मग ब्रिजचा तोल. म्हणून मेमध्ये केलेलं सेटिंग ऑगस्टमध्ये हललं तर घाबरू नका. वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या आसपास, चार कार्डं घेऊन बसलं की पुरतं. गणपतीत वाजवायचं असेल तर पहिली फेरी आधीच उरका.

गंज हा मोठा शत्रू. वाजवून झाल्यावर तारा आणि सॅडल कोरड्या फडक्याने पुसा. सॅडलच्या बारीक स्क्रूंना काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. गंजून बसलेल्या स्क्रूच्या डोक्यात अ‍ॅलन की फिरली की तो सॅडल काढणं फार अवघड होतं. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नव्या बुटांच्या खोक्यातल्या चालतात.

लोकलने गिटार नेत असाल तर दांडी काढून खिशात टाका, गर्दीत ती आधी वाकते. आणि गडकरी रंगायतन असो की कल्याणचं अत्रे रंगमंदिर, बाहेरच्या दमट हवेतून एसीत गेल्या गेल्या ट्यून करू नका. गिटार बॅगेबाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं तशीच ठेवा. स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापल्या की सूर जरा उतरतो, म्हणून शेवटचं ट्यूनिंग दिव्यांखाली करा.

फ्लॉइड रोज असेल तर

मेटल वाजवणाऱ्या बऱ्याच मुलांकडे फ्लॉइड रोज किंवा त्याच्या धर्तीचा ब्रिज असतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लॉइड रोज या गिटारवादकाने तो घडवला आणि एडी व्हॅन हेलनमुळे तो घरोघरी पोचला. त्यात तारा नटवर आणि ब्रिजवर अशा दोन्हीकडे पक्क्या आवळलेल्या असतात, म्हणजे नटमध्ये अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. तराजू मात्र तोच. फक्त इथे प्लेट अंगाला समांतर हवी, कललेली नको. त्यामुळे कार्डांची संख्या आपापल्या गिटारवर मोजून ठरवावी लागते. नटचे स्क्रू आवळण्याआधी ब्रिजवरचे बारीक ट्यूनर मधोमध आणून ठेवा, नाहीतर ऐन वेळी फिरवायला जागाच उरत नाही. त्या स्क्रूंना ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. एक घरी आणि एक बॅगेत ठेवा, कारण तार तुटली की तिच्यावाचून काहीच करता येत नाही.

तारा बदलताना, ब्रिज कुठलाही असो, सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, तिथे नवी घाला, सुरात आणा, मग पुढची. आणि मागचं झाकण परत लावलं नाही तरी काही बिघडत नाही. मी माझ्या गिटारचं कधीच काढून ठेवलंय.